घाबरायचं आणि तरी पुढे वाचायचं : गॉथिक भयकथांची गोडी कशात आहे?

जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी नावाचा एक तरुण आहे. 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' ही भयकादंबरी हातात घेतली आणि मग खाली ठेववेना, असं तो सांगतो. दोन दिवसांत त्याने ती संपवली आणि तेवढा सगळा वेळ त्याच्या डोक्यावरचे केस ताठ उभे होते. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही, खुशीत येऊन सांगतो. त्याच कादंबरीतली सतरा वर्षांची कॅथरीन मोरलंडही तेच पुस्तक वाचते आहे आणि एका काळ्या पडद्यापाशी येऊन थांबली आहे. पडद्यामागे काय आहे हे तिच्या मैत्रिणीला ठाऊक आहे. कॅथरीन तिला म्हणते, सांगू नकोस, काही झालं तरी सांगू नकोस. सांगाडाच असणार, माझी खात्री आहे. आणि त्याच दमात म्हणते, सगळं आयुष्य हे पुस्तक वाचण्यात गेलं तरी मला चालेल.

ऑस्टेनला अशा कादंबऱ्यांची गंमत करायची होती, हे खरंच. पण वाचकाचं मन तिने इथे अचूक पकडलं आहे. अंगावर काटा येतो आणि बरंही वाटतं. पुढचं कळायला हवं असतं, पण कुणी सांगितलेलं नको असतं. प्रत्यक्षात आपण भीतीपासून पळतो. मग पुस्तकातली भीती पैसे देऊन, झोप मोडून का विकत घेतो? माझ्या मते उत्तर कॅथरीनच्या त्या 'सांगू नकोस'मध्ये आहे. भूत दिसण्यात फारशी मजा नसते, ते दिसेल या धास्तीत राहण्यात असते. जुन्या गॉथिक लेखकांनी ही धास्ती कशी लांबवायची आणि कशी सोसवेल अशी ठेवायची, याची कला घडवली.

गॉथिक म्हणजे काय, ते थोडक्यात. डिसेंबर १७६४ मध्ये लंडनला 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही छोटी कादंबरी निघाली. तिच्या सुरुवातीलाच, लग्नाच्या दिवशी, एक अवाढव्य शिरस्त्राण वरून कोसळतं आणि नवरदेव त्याखाली चिरडला जातो. लेखक होरेस वॉलपोल. पण पहिल्या आवृत्तीत त्याने आपलं नावच घातलं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली नेपल्सला छापलेलं एक इटालियन पुस्तक सापडलं आणि हे त्याचं भाषांतर आहे, अशी बतावणी त्याने प्रस्तावनेत केली. पुस्तक खपलं, तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक आपणच असल्याचं कबूल केलं आणि शीर्षकाखाली 'ए गॉथिक स्टोरी' असं छापलं. पुढची पन्नास-साठ वर्षं इंग्लंडमध्ये अशा कादंबऱ्यांचा पूर आला. किल्ला, तळघर, कोंडून ठेवलेली मुलगी, बळकावलेली गादी, घराण्याचं जुनं पाप आणि ते पाप नातवंडांच्या दारात उभं राहणं, हा सगळ्यांचा सामायिक ऐवज. पुढे किल्ल्याची जागा पडक्या वाड्याने घेतली, मग लंडनच्या गल्ल्यांनी, मग माणसाच्या मनाने. जुनं पाप मात्र कुठेच गेलं नाही.

भीतीतून आनंद कसा मिळतो, हा प्रश्न गॉथिकच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्याकडे नवरसांत भयानक आहेच. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना हा रस समजावायला 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातलं हरिण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे. हरिण मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहतंय. बाण लागेल या भयाने त्याने मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेतलंय, दमल्याने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेला दर्भ वाटेवर सांडतोय, आणि उड्या इतक्या उंच की जमिनीपेक्षा ते हवेतच जास्त. अभिनवगुप्त म्हणतो, हे पाहताना प्रेक्षकाला 'मी घाबरलो' असं वाटत नाही आणि 'माझा कुणी मित्र किंवा शत्रू घाबरला' असंही वाटत नाही. तसं वाटलं असतं तर तो पळाला असता किंवा मदतीला धावला असता. इथे भय त्या ठरावीक हरणापासून, त्या जागेपासून, त्या वेळेपासून सुटं होतं. कुणा एकाचं न उरलेलं, नुसतं भय समोर येतं. म्हणून ते चाखता येतं.

इंग्लंडमध्ये एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ साली याच्या जवळ जाणारी गोष्ट वेगळ्या वाटेने मांडली. संकट फार जवळ आलं तर ते केवळ भयंकर असतं, त्यात सुख नाही. पण थोडं दूर असलं, थोडं सौम्य झालं, तर तेच सुखद वाटू शकतं. बर्कचं दुसरं निरीक्षण गॉथिक लेखकांना अधिकच कामी आलं: एखादी गोष्ट फार भयानक वाटायची असेल, तर ती साधारणपणे अंधूकच असावी लागते. पूर्ण दिसली, तिचा आकार कळला, की निम्मी भीती ओसरते.

वॉलपोलची ती बतावणी आता वेगळी दिसते. जुना काळ, परका देश, सापडलेलं जुनं पुस्तक, हे सगळं वाचक आणि संकट यांच्यात अंतर राखण्यासाठी आहे. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या बाईला इटलीच्या डोंगरातला किल्ला पुरेसा दूर होता. त्यामुळेच ती त्याच्या तळघरात उतरू शकली.

पण सुरक्षित अंतर असलं की माणूस निर्धास्त बसेल. पान का उलटेल? याचं उत्तर १७७३ च्या एका छोट्या निबंधात सापडतं. ॲना लेटिशिया एकिन आणि तिचा भाऊ जॉन यांच्या संग्रहात तो आला. त्यातला मुद्दा अगदी साधा आणि मला अजूनही सगळ्यांत पटणारा आहे. एकदा कुतूहल जागं झालं की ते अपुरं राहण्याची तळमळ आपल्याला सोसत नाही. त्या तळमळीपेक्षा भीतीचा जोरदार चटका परवडला, असं म्हणून आपण पुढे वाचतो. कथा आवडली नाही तरी शेवट कळेपर्यंत पुस्तक सुटत नाही, हा अनुभव कुणाला नाही? निबंध इथेच थांबत नाही. कथेत जेव्हा खरोखर अद्भुत काही येतं, तेव्हा कल्पनाशक्ती इतकी फुलते की भीतीचं दुःख आश्चर्यात विरून जातं, असंही तो सांगतो.

आता तो काळा पडदा. ॲन रॅडक्लिफची 'उडॉल्फो' १७९४ साली चार खंडांत आली. अनाथ एमिली आपल्या आत्याच्या नवऱ्याच्या, मोंटोनीच्या, ॲपेनाइन पर्वतातल्या किल्ल्यात अडकली आहे. रॅडक्लिफने इटली स्वतः पाहिलेली नव्हती. प्रवासवर्णनं आणि चित्रं यांवरून तिने ते डोंगर उभे केले. किल्ल्याच्या एका दालनात काळ्या पडद्याने झाकलेली चौकट आहे. त्याबद्दल नोकरमंडळी कुजबुजतात. एमिली एकदा धीर करून पडदा उचलते, आत चित्र नाही एवढं तिला कळतं, आणि ती शुद्ध हरपून कोसळते. तिने काय पाहिलं, हे रॅडक्लिफ सांगत नाही. हा प्रसंग दुसऱ्या खंडात आहे आणि उलगडा चौथ्या खंडाच्या शेवटाकडे. मधली शेकडो पानं एमिलीला माहीत असलेली गोष्ट वाचकाला माहीत नाही.

उलगडा असा की ती मेणाची आकृती होती, कुजू लागलेल्या प्रेताची. किल्ल्याच्या एका जुन्या मालकाला प्रायश्चित्त म्हणून ती रोज पाहावी लागे. पुष्कळ वाचकांना इथे फसवल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या पानांमध्ये वाचकाने मनातल्या मनात पडद्यामागे जे जे ठेवून पाहिलं, ते सगळं रॅडक्लिफने त्याच्याकडून करवून घेतलं. मेणाचा पुतळा तिचा. बाकीची भुतं वाचकाची स्वतःची.

रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर, १८२६ साली, तिचा एक संवादरूप लेख छापला गेला. त्यात ती दोन प्रकारच्या भीती वेगळ्या करते. एका भीतीने मन विस्तारतं, सगळी इंद्रियं जागी होतात. दुसरीने मन आक्रसतं, गोठतं. पहिली अनिश्चित धोक्याची चाहूल. दुसरी समोर टाकलेलं भयंकर दृश्य. नवरसांत भयानक आणि बीभत्स वेगळे मोजणाऱ्या आपल्या वाचकाला हा फरक चटकन कळेल. आजच्या रक्तबंबाळ सिनेमाला नाकं मुरडणारी माणसं जुनी भयकथा आवडीने का वाचतात, तेही यावरून समजतं. त्यांना भीतीचं वावडं नाही, किळसेचं आहे.

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकापाशी मात्र जरा जास्त थांबायला हवं. 'द रेव्हन' ही त्याची कविता जानेवारी १८४५ मध्ये न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात आली आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. डिसेंबरची मध्यरात्र, विझत आलेले निखारे, लेनोर नावाच्या मृत प्रेयसीचं दुःख विसरण्यासाठी जुनी पुस्तकं चाळत बसलेला तरुण. दारावर टकटक. दार उघडलं तर नुसता अंधार. मग खिडकी. खिडकीतून एक डोमकावळा आत येतो आणि दारावरच्या पॅलस देवीच्या अर्धपुतळ्यावर जाऊन बसतो. तरुणाला आधी हसूच येतं. गंमत म्हणून तो त्याला नाव विचारतो. पक्षी म्हणतो, 'नेव्हरमोर'. आता कधीच नाही.

कवितेत १८ कडवी, १०८ ओळी. कावळ्याने तोंड उघडण्याआधीच्या सातही कडव्यांचा शेवट 'नथिंग मोअर' किंवा 'एव्हरमोर' असा होतो. म्हणजे कावळा यायच्या आधीच आपल्या कानाला त्या नादाची सवय लागलेली असते. आठव्या कडव्यात तो शब्द येतो तेव्हा नवा वाटतच नाही. मघापासून याचीच वाट पाहत होतो असं वाटतं. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक कडवं त्याच पालुपदावर येऊन आदळतं.

आणि मग खरी गोष्ट सुरू होते. तरुणाला कळलेलं असतं की या पक्ष्याला एकच शब्द येतो. कुणा दुर्दैवी मालकाकडून शिकला असेल, असा तर्कही तो करतो. तरी तो मखमली खुर्ची ओढून पक्ष्यासमोर बसतो आणि प्रश्न विचारत राहतो. हे दुःख विसरता येईल का? माझ्या जखमेवर कुठे औषध आहे का? स्वर्गात तरी लेनोर भेटेल का? उत्तर काय येणार हे ठाऊक असताना तो प्रश्न मुद्दाम असे रचतो की उत्तर जास्तीत जास्त बोचावं. पोने पुढच्याच वर्षी ही कविता कशी रचली यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने हे उघडच सांगितलं आहे: प्रियकराला या अपेक्षित उत्तरातून एक वेडं सुख मिळतं, कारण दुःख जितकं असह्य तितकं ते गोड. याला त्याने माणसाची स्वतःला छळण्याची तहान म्हटलं आहे.

तो प्रियकर म्हणजे आपणच, भयकथेचे वाचक. आपल्यालाही ठाऊक असतं की तळघरात काही चांगलं सापडणार नाही. तरी आपण दिवा घेऊन खाली जातो. आणि म्हणूनच ही कविता दहाव्यांदा वाचली तरी शिळी होत नाही. रहस्य पहिल्या वाचनात संपतं, वाट पाहणं संपत नाही. उलट शेवट पाठ असला की ते अधिक ताणलं जातं. पोचा आणखी एक आग्रह होता. कविता किंवा कथा एका बैठकीत संपली पाहिजे, नाहीतर मध्ये संसार शिरतो आणि परिणाम तुटतो.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने (१८९७) हीच वाट पाहणं वेगळ्या रीतीने साधलं. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं यांची बनली आहे. प्रत्येक पात्राकडे एकेक तुकडा. सगळे तुकडे फक्त वाचकाकडे. सुरुवातीला जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियाला जाताना वाटेत खाल्लेल्या तिखट कोंबडीची पाककृती आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, लिहून घ्यायची, अशी नोंद करतो. इतका साधा माणूस. किल्ल्यात एका सकाळी तो छोटा आरसा टांगून दाढी करत असतो. खांद्यावर हात पडतो, काउंट 'गुड मॉर्निंग' म्हणतो. खोली सगळी आरशात दिसतेय, मागे उभा असलेला माणूस दिसत नाही. दचकून वस्तऱ्याने जखम होते, रक्त पाहून काउंट गळ्याकडे झेपावतो, त्याचा हात क्रूसाच्या माळेला लागतो आणि तो शांत होतो. मग आरसा खिडकीबाहेर भिरकावून निघून जातो. या सगळ्यानंतर हार्कर रोजनिशीत काय लिहितो? मोठाच त्रास झाला, आता दाढी कशात बघून करायची. घड्याळाच्या झाकणात किंवा दाढीच्या भांड्याच्या तळात पाहावं लागेल, नशिबाने ते धातूचं आहे.

ही ओळ मला सबंध पुस्तकातली सगळ्यांत भीतिदायक वाटते. आपल्याला सगळं कळलंय, हार्करला कळलेलं नाही, आणि त्याला सांगायची सोय नाही. काउंटची स्वतःची रोजनिशी मात्र पुस्तकात कुठेच नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो समोरही फार क्वचित येतो. जेवढा कमी दिसतो, तेवढा जास्त पसरतो.

न दाखवण्याच्या या कलेचा कळस डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 'द मंकीज पॉ' या १९०२ च्या कथेत आहे. माकडाचा वाळवलेला पंजा, तीन वर देणारा, भारतातून एका सैनिकाबरोबर इंग्लंडला आलेला. यंत्रात सापडून मेलेल्या मुलाला आई दुसऱ्या वरातून परत मागते. रात्री दारावर थाप पडते. आई वरच्या कडीपर्यंत हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढतेय आणि बाप अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतोय. त्याला तो सापडतो, तो तिसरा वर मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. दाराबाहेर कोण होतं, हे जेकब्सने एका शब्दानेही लिहिलेलं नाही.

भीती किती असावी, हा प्रश्न उरतो. जून १८१६ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठी व्हिला दिओदाती या बंगल्यात बायरन आणि शेली हे कवी, पुढे मेरी शेली म्हणून ओळखली गेलेली मेरी, तिची सावत्र बहीण आणि डॉक्टर पोलिदोरी भुताच्या गोष्टी वाचत होते. मेरीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीचा जन्म तिथला. पोलिदोरीच्या रोजनिशीत त्या दिवसांतली एक नोंद आहे. बायरनने कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल' या कवितेतल्या काही ओळी म्हटल्या, क्षणभर शांतता पसरली, आणि शेली डोकं धरून किंचाळत खोलीबाहेर पळाला. त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला भानावर आणावं लागलं. ओळी त्याच, खोली तीच. इतरांना जे अंतर राखता आलं ते शेलीला आलं नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. व्हायले गावाजवळच्या, लोकांना घाबरवण्यासाठीच उभारलेल्या एका भीतिघरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाठवलं. २०२० साली त्यांनी निष्कर्ष छापले. भीती फार कमी असली तर लोकांना मजा आली नाही, फार जास्त झाली तरी आली नाही. मधल्या पट्ट्यात आली. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने अशा सुखाला निरुपद्रवी आत्मपीडा म्हटलं आहे. त्यात तो तिखट मिरचीही धरतो: जीभ धोक्याचा इशारा देते, मनाला ठाऊक असतं की धोका नाही, आणि दोन्ही एकदम जाणवण्यात मजा असते. ठेचा भाकरीला लावून खाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

पुस्तकाचा फायदा इथेच आहे. भीतिघरात किंवा चित्रपटगृहात मात्रा दुसरा कुणी ठरवतो. पुस्तकात ती आपल्या हातात असते. जड झालं की बोट पानात घालून पाणी प्यायला उठता येतं.  आणि पडद्यावरचं भूत दिग्दर्शकाने ठरवलेल्या चेहऱ्याचं असतं. पानावरचं आपल्याला सोसेल तेवढंच भयंकर होतं.

नव्याने वाचायला घेणाऱ्यांनी 'ओट्रँटो' किंवा 'उडॉल्फो'पासून सुरुवात करू नये. त्या मोकळ्या सुट्टीसाठी राखून ठेवाव्यात. आधी पोची 'द टेल-टेल हार्ट' घ्या, थोड्याच पानांची आहे. मग 'द रेव्हन', आणि ती मोठ्याने म्हणा. डोळ्यांनी वाचली तर तिचं अर्धं काम होतच नाही. या सगळ्या लिखाणावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्याने मूळ इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. विद्वानांनी लिहिलेल्या प्रस्तावना मात्र शेवटी वाचा, त्या सगळं आधीच सांगून टाकतात. मग 'ड्रॅक्युला'. पाचव्या प्रकरणात किल्ला एकदम सुटतो आणि दोन मैत्रिणींची लग्नाबिग्नाची पत्रं सुरू होतात. पुष्कळजण तिथे पुस्तक मिटतात. मिटू नका. सातव्या प्रकरणात 'डेमीटर' या जहाजाची नोंदवही आहे, ज्यात खलाशी एकेक करून नाहीसे होतात आणि कप्तान नोंदी करत राहतो. तिथवर पोहोचलात की पुढे पुस्तकच तुम्हाला नेईल.